शेवटच्या नळावरची सही

वस्त्यांवरची पोरं तिला बाटलीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत कागदात गुंडाळलेल्या बारा बाटल्या आणि एक स्पिरिटचा दिवा. अशी ती बसमधून उतरली की कोपऱ्यावरून कुणीतरी विचारायचंच, बाटलीबाई, आमच्यासाठी काही उरलंय का. एकतीस वर्षांत हा विनोद बदलला नव्हता, करणारे तेवढे बदलले. पहिल्यांदा ज्यानं केला त्याला आता नातवंडं होती. ती पेटी सावरत म्हणायची, "आहे की. तुझ्याच नळाचं आहे. पितोस?"

ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती. काम सांगायला सोपं होतं. रोज बारा नळांवर जायचं, पाणी बाटलीत घ्यायचं, त्या पाण्यात काही जिवंत सापडतं का ते बघायचं, आणि छापील कागदावर दोनपैकी एक शब्द ठेवून दुसरा खोडायचा: योग्य, अयोग्य. खाली सही.

कुठल्या भागातला नेमका कोणता नळ घ्यायचा, हे खात्यानं कधीच लिहून दिलेलं नव्हतं. तिच्या आधीची माणसं रस्त्यालगतचा घेत. ती शेवटचा घेई. जिथं पाइप संपतो, पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही आणि वाटेत जे जे आत शिरलं ते सगळं येऊन थांबतं, तो. तिथवर जायला कधी गटारावरची फळी ओलांडावी लागे, कधी कुणाच्या स्वयंपाकघरातून वाट काढावी लागे. दिव्याची ज्योत लावून ती नळाचं तोंड शेकून घेई, मग नळ पूर्ण सोडून मनात एकशे वीस मोजी, मगच बाटली धरी. मागे बायका बादल्या घेऊन उभ्या असत. एवढं पाणी वाया घालवायला बापाची टाकी आहे का, असं एकमेकींना सांगत तिला ऐकवत. तरी तिची मोजणी चुकत नसे.

आणि तिची सही. खात्यातल्या बाकी सगळ्यांच्या सह्या कोंबडीनं माती उकरल्यासारख्या. तिची म्हणजे शाळेतल्या मुलीनं वहीवर नाव घालावं तशी. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा की बाईंची एक सही होते तेवढ्यात माझा डबा खाऊन होतो.

निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा मुख्य कार्यालयातून एक फॉर्म आला. आदर्श कर्मचारी म्हणून तिचं नाव पुढे गेलं होतं आणि त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आपण लोकसेवेत का आलात? खाली पाच चौकोन होते. सेवाभाव, स्थैर्य, प्रतिष्ठा, कौटुंबिक परंपरा, इतर. 'इतर'पुढे बोटभर रेघ.

फॉर्म दिवसभर प्रयोगशाळेत फिरला. कारकुनाचं मत पडलं की डोळे मिटून सेवाभावावर खूण करा, ते कुणी तपासायला येत नाही. तो स्वतः कशाला आला होता? तर सासऱ्याची अट होती, जावई खात्यातलाच हवा. बायकोला बघितलं आणि त्याच्यात एकाएकी लोकसेवेची ओढ उत्पन्न झाली. काचा धुणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांना सावलीत बसून करायचं काम पाहिजे होतं. आल्यावर कळलं की बसायचं नसतं, उभं राहून धुवायचं असतं. पण सावली होती, म्हणून राहिल्या. बावीस वर्षं.

तिनं फॉर्म घडी घालून घरी नेला. ती धाकट्या भावाकडे राहत असे. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि उजव्या कानानं ठार बहिरा होता, त्यामुळे घड्याळाची टिकटिक ऐकायला ते डाव्या कानाशी धरून लहान बाळासारखं हलवायचा. त्यानं फॉर्म वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, "ताई, तू खुन्नस काढायला आलीस. तसला चौकोन दिसत नाही यात." मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं 'इतर'पुढच्या रेघेवर बारीक अक्षरात 'खुन्नस' असं लिहूनही टाकलं. तिनं खोडरबर शोधलं. सापडलं नाही.

खोटं नव्हतं ते.

ती अकरा वर्षांची होती आणि भाऊ सहाचा, तेव्हा त्याला ताप चढला. तेविसाव्या दिवशी उतरला, जाताना उजवा कान घेऊन गेला. त्यांच्या गल्लीत तशी नऊ पोरं पडली होती. दोन उठली नाहीत. वडील नळाचं पाणी बाटलीत भरून खात्याच्या कचेरीत गेले. पाणी गढूळ होतं, ते कुणालाही दिसत होतं. खिडकीतल्या माणसानं बाटलीकडे बघितलं नाही, एक कागद पुढे सरकवला. तुमच्या भागाचा तपासणी अहवाल. योग्य. खाली सही. वडिलांनी विचारलं, ही सही कुणाची? खिडकीतला माणूस म्हणाला, अधिकाऱ्याची. कुठल्या अधिकाऱ्याची? यावर खिडकीची फळी खाली आली.

वडील परत आले ते बाटली आणि कागद दोन्ही घेऊन. त्यांनी तो कागद तिच्यापुढे धरला, कारण घरात चांगलं वाचता येणारी तीच होती. ती सही तिला वाचता आली नाही. तिनं दिव्याखाली धरून बघितली, उलटी धरून बघितली. एक वाकडी रेघ, तिला एक गाठ, पुढे पुन्हा रेघ. वडील एवढंच म्हणाले की राहू दे, नसतं जमत. तिला चांगलं वाचता येतं असं अख्ख्या शाळेत बोललं जायचं.

एवढ्यावरून कुणी आयुष्य ठरवतं का? लोक याहून कमी गोष्टींवरून ठरवतात आणि मग मोठी कारणं जोडतात. ती सव्विसाव्या वर्षी खात्यात लागली, आणि पहिल्याच महिन्यात जुन्या फायलींच्या खोलीत शिरून पंधरा वर्षांमागचे अहवाल काढून बसली. ती गाठ तिला शेकडो कागदांवर सापडली. मग हजेरीपटावरून त्या सहीचं नाव लागलं. माणूस निवृत्त होऊन दोन बसथांबे पलीकडे राहत होता. ती ओरडायला गेली. काय काय ओरडायचं ते वाटेत पाठ करत गेली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, खात्यातली मुलगी म्हटल्यावर हरखला, चहा टाकला. तिनं गल्लीचं नाव सांगितलं. त्याला आठवेना. महिना सांगितला. तेव्हा म्हणाला, "ऊन असेल. उन्हाळ्यात आम्ही टाकीजवळचाच नळ घ्यायचो. कोण जातंय शेवटपर्यंत." त्यानं ते अगदी सहज सांगितलं. ओरडायला गेलेली ती चहा पिऊन परत आली. तो चहा तिनं स्वतःला कधी माफ केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शेवटच्या नळावर जायला लागली, आणि सही वाचता येईल अशी करायला लागली. सेवा हा शब्द तिला खोट्या दातासारखा वाटे. तिला कुणाची सेवा करायची नव्हती. तिला त्या खिडकीच्या आत बसायचं होतं, फळी वर ठेवून. भाऊ अधूनमधून म्हणायचा, त्या माणसाला नावं ठेवू नको. तो उन्हात गेला असता तर मला तुझी बडबड दोन्ही कानांनी ऐकावी लागली असती.

तर फॉर्म पेन्सिलीच्या त्या शब्दासकट तिच्या पिशवीत होता, तेव्हा टेकडीमागच्या वस्तीतल्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला. तीन आठवड्यांत एकोणीस मुलं जुलाबांनी आजारी. दोघांना मोठ्या इस्पितळात हलवलंय. पाण्याचं काय? तिनं फाइल काढली. तीन आठवडे, तीन नमुने, तिन्ही योग्य. तसं सांगितलं. तेच तर, नर्स म्हणाली. बाया म्हणतात पाण्याला वास मारतो. मी त्यांना तुमचे कागद दाखवते. म्हणते, कागद बघा, पाणी चांगलं आहे, तुमची भांडी घाण आहेत.

फोन ठेवल्यावर तिनं हातातल्या कागदाकडे बघितलं. तिची सही. एकूण एक अक्षर वाचता येत होतं.

मग उठून तिनं फळीवरची एक तयार बाटली घेतली, कागद सोडला, आणि बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. बाटली लखलखीत होती. तळाशी काही नव्हतं.

तिथं काहीतरी असायला हवं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते सावकाश जंतू मारत राहतं. नळातून पेल्यात आणि पेल्यातून पोटात जायला पाण्याला क्षणभर लागतो. पण बाटली पेटीत चार-चार तास फिरते. तेवढ्या वेळात क्लोरीन बाटलीतल्या बाटलीत काम उरकतं, आणि जे पाणी माणसानं घाण प्यायलं ते प्रयोगशाळेत स्वच्छ होऊन पोचतं. म्हणून बाटलीत आधी क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकतात, मग बाटली वाफेवर शिजवतात. थेंब वाळून तळाशी पांढुरका डाग राहतो. तो डाग म्हणजेच सगळी तपासणी. तो नसेल तर बाटली खोटं बोलते.

तिनं दुसरी बाटली कागदातून काढली. तिसरी. सगळ्या लखलखीत.

मावशींनी विचारल्याबरोबर सांगून टाकलं, आणि थोडं कौतुकानंच सांगितलं. तीन आठवड्यांमागे वरून पाहणी येणार होती ना, तेव्हा आदल्या दिवशी साहेबांनी बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, मावशी, हे डाग कसले, काय म्हणतील लोक. मग मी काय करू? सगळ्या पुन्हा घासल्या. गरम पाण्यानं, दोनदा. पुन्हा वाफेवर घातल्या. तेव्हापासून रोज तसंच करते. "एक डाग दाखवा," मावशी म्हणाल्या. मग त्यांना तिचा चेहरा दिसला. त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

तिनं सांगितलं. मावशी ओल्या हातांनीच खाली बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या बसलेल्या दिसल्या.

ती तरी मावशींना काय बोलणार होती? रोज सकाळी त्याच बाटल्या तिनंच पेटीत भरल्या होत्या. कागद गुंडाळलेले होते, हे खरं. कागदाच्या आत बघायचं नसतं, बघितलं तर बाटली वाया जाते, हेही खरं. पण महिन्याला एक बाटली कागदातून काढून तपासायची असते, आणि या महिन्यात तिनं ती काढली नव्हती. मावशींच्या हातावर तिचा भरवसा होता. ऊन असेल, असं म्हणण्याइतकंच ते सोपं होतं.

साहेबांच्या खोलीत ती दार न वाजवता गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. पाहणीतून प्रयोगशाळेला मिळालेलं प्रशस्तिपत्र त्यांनी फ्रेम करून टेबलामागे लावलं होतं, पण ते जरा तिरकं लागलंय हेही तेच सगळ्यांना सांगायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचा मार्ग सांगितला. आज टेकडीमागून नवा नमुना घ्या, नीट बाटलीत. परवा निकाल लागेल. वाईट निघाला तर परवा लाइन बंद करू. आजवरचं झालं ते झालं.

ती म्हणाली की नियमावलीत एक परिच्छेद आहे. सही करणाऱ्यानं स्वतःचा अहवाल मागे घेतला, तर नवा निकाल येईपर्यंत ते पाणी अयोग्य धरायचं. म्हणजे टेकडीमागची लाइन आत्ताच बंद, टँकर आत्ताच, आणि बाकी सगळ्या गावाला पाणी उकळून प्यायची सूचना. तीन आठवड्यांचे दोनशे सोळा अहवाल होते. ती सगळेच मागे घेत होती.

तो परिच्छेद आजवर कुणी वापरलेला नाही, साहेब म्हणाले.

"मागचं उकरून काय मिळणार, बाई?"

"दोन दिवस मिळतील."

"कुणाला?"

"पिणाऱ्यांना."

साहेबांनी दुसरी वाट काढून बघितली. मागे घ्यायचेच तर कारण लिहा की बाटल्या धुणाऱ्या बाईंची चूक. तुमच्या नावाला धक्का नको. निवृत्तीला दोन महिने राहिलेत.

"त्या कागदांवर त्यांची सही नाही," ती म्हणाली.

"तुमच्या पुरस्काराची फाइल माझ्या टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. जागा असेल तर तिच्यावरच हा कागद ठेवा."

तिनं लिहूनच आणलं होतं. एका पानाचं होतं. वर दोनशे सोळा अहवालांचे क्रमांक, खाली तीन वाक्यं. नमुन्याच्या बाटल्यांत औषध नव्हतं. दर महिन्याची बाटलीची तपासणी मी केली नाही. हे सर्व अहवाल मी मागे घेत आहे. खाली तिचं पूर्ण नाव.

साहेबांनी वाचलं. त्यांचा आवाज खाली आला. डाग मी दाखवले होते, ते लिहिलं नाहीत, असं काहीसं ते म्हणाले. त्यात सुटकाही होती आणि शरमही, आणि दोन्ही लपवायची त्यांना सवय नव्हती.

"ते तुमचं तुम्ही लिहा," ती म्हणाली. "तुमची सही तुमच्याकडे."

दुपारी दोनला आदेश निघाला. साहेबांनीच काढला, कारण परिच्छेद स्पष्ट होता आणि कागद आवक वहीत चढलेला होता. तो तिनं आधीच चढवला होता. त्यांच्या बाजूचं त्यांनी पुढे काही लिहिलं की नाही, हे तिनं विचारलं नाही.

लाइन बंद करायला चावीवाला एकटाच जाणार होता. त्याच्याकडे ती लांब लोखंडी चावी असते, रस्त्यातलं झाकण उघडून तो खालचा व्हॉल्व्ह फिरवतो, आणि शिव्या तेवढ्या खातो. बाई, तुम्ही कशाला, तो म्हणाला. मला सवय आहे, माझी कातडी गेंड्याची झालीय. तिनं पेटी खांद्याला लावली. मावशींनी समोर थेंब टाकून, समोर वाफेवर घालून दिलेल्या नव्या बाटल्या तिच्यात होत्या. पिशवीत सूचना होत्या, गठ्ठाभर. प्रत्येकीवर छापील मजकुराखाली तिनं हातानं सही केलेली होती. बसमध्ये बसूनही करत होती. अक्षर हलत होतं, तरी वाचता येत होतं.

वस्तीच्या तोंडाशी ती चावीवाल्याला म्हणाली, मी शेवटच्या नळाचं पाणी घेतल्यावर फिरव, आधी नको. आणि आत गेली.

शेवटचा नळ एका घराच्या मागच्या अंगणात होता, स्वयंपाकघरातून जावं लागे. घरातली बाई उंच, कमी बोलणारी. इतकी वर्षं तिनं बाटलीबाईला कुठल्याही नावानं हाक मारली नव्हती. दार उघडायची, बाजूला व्हायची. आज दार उघडून ती बाजूला झाली नाही.

"माझी मुलगी इस्पितळात आहे," ती म्हणाली. "नऊ दिवस झाले."

बाटलीबाईनं सूचना पुढे केली. बाईनं ती उभ्या उभ्या वाचली. तिला वाचायला वेळ लागत होता, पण मधला एकही शब्द ती सोडत नव्हती. पाणी पिऊ नये. मागील तीन आठवड्यांचे अहवाल रद्द. मग तिनं मान वर केली.

"त्या नर्सबाईंनी मला चारचौघींत सांगितलं, तुझी भांडी घाण. कागद दाखवला मला. मी घरी येऊन भांडी घासली. राखेनं घासली. हात सोलून निघाले माझे." तिनं हात दाखवले नाहीत. "तो कागद कुणाचा होता?"

"माझा."

"तुमचा म्हणजे खात्याचा?"

"माझा. खाली नाव आहे."

बाईनं सूचना पुन्हा डोळ्यांजवळ नेली. आणि ती खालची ओळ वाचायला लागली, मोठ्यानं, अक्षराला अक्षर लावत. आधी नाव. मग वडिलांचं. एक काना तिला अडला, ती मागं आली, पुन्हा धरला. मग आडनाव. सगळं बरोबर वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा सलग म्हणून बघितलं, हाक मारल्यासारखं. एकतीस वर्षांत ते नाव त्या कागदांवरून कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

"इथंच थांबायचं," बाई म्हणाली. "जायचं नाही. मी सगळ्यांना बोलावते. त्यांच्यापुढे सांगा, काय केलंत ते."

"थांबते," ती म्हणाली. "पण तोवर मला आत जाऊ द्या. पाणी घ्यायचंय."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली आणि सूचना हातात धरून गल्लीत निघाली. पहिल्या दाराची कडी वाजली. दुसऱ्या.

स्वयंपाकघरात भांडी पालथी मांडलेली होती, ओळीनं, एकाही भांड्यावर डाग नव्हता. त्यांच्याकडे बघत ती अंगणात गेली. पेटी खाली ठेवली. दिवा पेटवला, नळाचं तोंड शेकलं, नळ पूर्ण सोडला. पाण्याला वास होता. तिनं मोजायला सुरुवात केली. साठाच्या आसपास पहिल्या बायका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नव्वदपर्यंत अंगण भरलं. कुणी बादली आणली नव्हती. वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. मागून कुणीतरी, बाटलीबाई आहे ना ती, असं म्हणालं, आणि त्या उंच बाईनं बोलणारीला तिथंच गप्प केलं. हिला नाव आहे, म्हणाली, आणि ते नाव सांगितलं.

एकशे विसाला तिनं बाटली भरली, बूच लावलं, बाटली पेटीत ठेवली. मग नळाकडे पाठ करून त्यांच्याकडे तोंड केलं.